उंदरांपासून घरादारांचा व दुकानांचा बंदोबस्त

रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरीं आली, पोतीं शिवून थप्पीला लागलीं, कीं शेतकरी निर्धास्त होतो. उंदराची सुगी मात्र त्याच दिवशीं सुरू होते. उभ्या पिकाचें त्यानें केलेलें नुकसान डोळ्यांना दिसतें. घरांत आलेल्या धान्याचें नुकसान पोतें उचलून त्याचा फाटका तळ दिसेपर्यंत कळत नाहीं. शिवाय तो जेवढें खातो त्याहून पुष्कळ अधिक धान्य मुतानें, लेंड्यांनीं व केसांनीं नासवतो. अशा वेळीं बहुतेक जण बाजारांत जाऊन औषध घेऊन येतात. आमचें म्हणणें असें कीं, औषधाची पुडी हा शेवटचा उपाय होय. पहिला उपाय थापी आणि घमेलाभर सिमेंट हा आहे.

हें आम्ही पुस्तकांत वाचून सांगत नाहीं. आमची उभी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. एका कचेरींत आमच्याकडे जुन्या दप्तराची खोली होती. तांबड्या रुमालांत बांधलेले फेरफारांचे गठ्ठे फळ्यांवर रचलेले असत. एके दिवशीं एक वृद्ध शेतकरी आपल्या वडिलांच्या वेळच्या वाटणीच्या फेरफाराची नक्कल मागावयास आला. गठ्ठा सोडून पाहतों, तों आंत कागदांच्या चिंध्यांचें घरटें, आणि त्यांत चार-पांच उघडीं पिल्लें! नेमका त्याच नोंदीचा अर्धा कागद नाहींसा झालेला. कोणाच्या वांट्यास किती जमीन गेली तें लिहिलेली बाजूच उंदरानें खाल्ली होती. त्या नोंदीवांचून त्याचा भावकीचा वाद मिटेना, आणि तो म्हातारा पुढें कित्येक महिने हेलपाटे घालीत राहिला. आम्हांस त्याच्याकडे वर मान करून पाहवत नसे.

त्या खोलींत दरवर्षीं डांबराच्या गोळ्या पडत, पिंजरा लागे, विषाच्या गोळ्याहि ठेवल्या जात. उंदीर मरतहि असत. परंतु महिना-दोन महिन्यांत पुन्हां लेंड्या दिसूं लागत. शेवटीं आमच्या शिपायानें शिडी लावून दाखविलें कीं, विजेची तार जेथून आंत आली होती तेथें अंगठा जाईल एवढें भोंक तसेंच राहिलें होतें, आणि कोपऱ्यांतील सांडपाण्याच्या मोरीला जाळी नव्हती. दोन्ही ठिकाणें एका दुपारांत बुजविलीं. त्यानंतर आम्ही तेथें असेपर्यंत दप्तराला दांत लागला नाहीं. गेलेला कागद मात्र परत आला नाहीं.

उंदीर केवढ्या भोंकांतून येतो याविषयीं लोकांचा अंदाज नेहमीं चुकतो. घरांतला लहान पिटुकला उंदीर ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंचाच्या फटींतून आंत शिरतो. मोठ्या उंदरास सुमारें अर्धा इंच पुरतो. डोकें गेलें कीं धड जातेंच. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला कांहींतरी कुरतडीत राहावेंच लागतें. लांकूड, प्लास्टिकची नळी व कच्चें सिमेंट यांचा त्याला अटकाव होत नाहीं. भोंकांत चिंधीचा बोळा कोंबणें तर त्याच्या बाळंतिणीची सोय करण्यासारखें आहे, कारण तो बोळा ओढून नेऊन तो घरट्यांत घालतो. फुटक्या काचेचे तुकडे किंवा भांडीं घासण्याची तारेची घासणी आंत घट्ट दाबून वर सिमेंट भरावें, हें उत्तम.

शत्रू तीन प्रकारचा आहे, आणि प्रत्येकाची वाट वेगळी. काळसर घरउंदीर वर चढणारा आहे. त्याच्यासाठीं छप्पर, वेल, तार व झाडाची फांदी पाहावी. घूस जमीन उकरणारी आहे. तिच्यासाठीं पाया, मोरी व परसदारचा उकिरडा पाहावा. पिटुकला मात्र पोत्यांतून, खोक्यांतून आपणच उचलून घरांत आणतों. चिचुंदरीला लोक उंदरांतच मोजतात, पण ती उंदराच्या जातीची नव्हे. ती किडे खाते. तिच्या वासाचा त्रास होतो हें खरें, तरी धान्याच्या चोरीचा आळ तिच्यावर घेऊं नये.

आमच्या सोलापूर भागांतील जुनीं घरें माळवदाचीं. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, तुळयांवर लांकडाच्या फांट्या, त्यांवर पाला व त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यांत असें थंड घर दुसरें नाहीं, आणि उंदरालाहि तें तितकेंच मानवतें. तुळईचें टोंक भिंतींत जेथें शिरतें तेथें माती वाळून फट पडते. तीच त्याची हमरस्त्याची वेस. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं माळवदावर माती टाकतांना आंतून या फटी लिंपण्याची चाल पूर्वीं होती. आतां वर प्लास्टिकचा कागद अंथरला कीं काम झालें असें मानतात. उजेडासाठीं ठेवलेल्या साण्याला पाव इंची लोखंडी जाळी बसवावी. लांकडी खांबाला जमिनीपासून तीन फुटांवर फूटभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा वेढावा, म्हणजे त्यावर नखें रुतत नाहींत. घराला टेकलेली फांदी चांगली मागें छाटावी.

आमच्या पूर्वजांना धान्य राखण्याची विद्या अवगत नव्हती असें नाहीं. पेंव हें त्याचें उत्तम उदाहरण. जमिनींत खोल खणलेलें, तोंड मातीनें लिंपून बंद केलेलें पेंव एकदां भरलें कीं आंतील हवेंतला प्राणवायु धान्याच्या व किड्यांच्या श्वासोच्छ्वासानेंच संपतो, आणि मग आंत ना किडा जगतो ना उंदीर. माणूसहि जगत नाहीं, म्हणून पेंव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये, हा नियम जुने लोक कटाक्षानें पाळीत. भिंतींतलें बळद व शेणानें सारवलेली कणगी यांतहि तत्त्व तेंच, पण सारवण तडकलें कीं तत्त्व संपलें. आज ज्यांना पेंव नाहीं त्यांनीं झांकण घट्ट बसणारी पत्र्याची कोठी घ्यावी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; अशी ज्वारी उघड्या पोत्यांत भिंतीला टेकवून ठेवणें शहाणपणाचें नव्हे. पोतीं ठेवावींच लागलीं तर फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट दूर ठेवावीं, म्हणजे भोंवतीं फिरून पाहतां येतें. नवें गोदाम बांधणारानें जोतें तीन फूट उंच घ्यावें. उंदराची उडी सुमारें अडीच फुटांची असते.

दुकानदारांची व कारखानदारांची चूक बहुधा एकच असते : दर्शनी दाराला भारी कुलूप, आणि शटरच्या खालीं बोट जाईल एवढी फट. तेथें लोखंडी पट्टी लावावी. रबराची पट्टी चार दिवसांत कुरतडली जाते. चादरींच्या कारखान्यांत उरलेलें सूत कोपऱ्यांत साठतें, तें घरट्याला गादीच. आडत दुकानांत संध्याकाळीं सांडलेलें धान्य झाडून उचललें नाहीं, तर बाकीच्या सगळ्या खर्चाला अर्थ राहत नाहीं.

हा केवळ धान्याचा प्रश्न असता तर आम्ही एवढें लिहिलें नसतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि तेथून तो इलाखाभर पसरला. सोलापूरहि सुटलें नाहीं. घरांत उंदीर पडूं लागले कीं लोक गांव सोडून रानांत झोपड्या घालीत, हें आमच्या आजीच्या तोंडून आम्हीं ऐकलें आहे. हा रोग उंदराच्या अंगावरील पिसवेमुळें पसरतो हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत प्रयोगानें दाखविलें. लोकांनीं आपल्या अनुभवानें तें पूर्वींच अर्धें ओळखलें होतें. पुढें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप झाला. धक्क्यांच्या भीतीनें बीड जिल्ह्यांतील मामला गांवचे लोकहि घरें सोडून तात्पुरत्या निवाऱ्यांत राहूं लागले. धान्य मात्र जुन्या घरांतच राहिलें आणि उंदरांना मोकळें रान मिळालें. १९९४ च्या ऑगस्टांत तेथें उंदीर मरूं लागले व पिसवांचा त्रास सुरू झाला, आणि सप्टेंबरांत गांठीच्या तापाचे रोगी आढळले. बंद घर व उघडें धान्य यांची गांठ पडली कीं काय होतें, तें तेथें दिसलें.

म्हणूनच उंदीर आपोआप मरून पडलेले दिसले तर काठी घेऊन उरलेल्यांच्या मागें लागूं नये. उंदीर मेला कीं पिसू दुसरें अंग शोधते, आणि जवळचें अंग आपलें असतें. मेलेल्या उंदरास हात न लावतां प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावें.

विषाविषयीं दोन शब्द. झिंक फॉस्फाइड जलद मारतें, परंतु ज्या उंदरानें थोडें खाऊन जीव वांचविला तो पुन्हां त्या आमिषास तोंड लावीत नाहीं. म्हणून आधीं दोन-तीन दिवस नुसता भरडा तेल लावून ठेवावा, मग विष मिसळावें. आणि तेंहि शेतांतल्या बिळांत, घरांत नव्हे. तें पोटांत गेल्यास त्यावर खास उतारा नाहीं, आणि घरांत लेंकरें असतात. ब्रोमाडिओलोनच्या वड्या सावकाश मारतात, पण तो उंदीर खाऊन घुबड मरतें, आणि रात्रभर फुकट राखण करणारा राखणदार आपण गमावतों. घरांत पिंजरा बरा.

भोंकें बुजवून झाल्यावर काम पुरें झालें कीं नाहीं हें पाहण्याची सोपी रीत आहे. रात्रीं निजण्यापूर्वीं उंबरठ्याच्या आंत, मोरीपाशीं व कोठीभोंवतीं चुलीची चाळलेली राख पातळ पसरावी. सकाळीं तिच्यावर नखांचे व शेपटीचे माग उमटलेले दिसले, तर ते ज्या दिशेनें गेले त्या दिशेला एक भोंक राहिलें आहे असें समजावें, व तें सांपडेपर्यंत राख रोज पसरावी.