चौसष्ट पैशांचा रुपया आणि दहाने भागाकार

पावसाळा लागला की खडकवासल्यात ज्याच्या त्याच्या तोंडी क्युसेक असतो. धरणातून मुठेत दर सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं, त्याचा हा आकडा. समजा, नदीकाठी एक छोटा फलक लावून तोच आकडा लिटरमध्ये दाखवायचा आहे. एका घनफुटात 28.317 लिटर पाणी मावतं, म्हणजे काम एका गुणाकाराचं. पण आर्डुइनो उनोवरची एटीमेगा328पी ही चिप 8 बिटांची. दशांशचिन्हाचं गणित तिला जन्मतः येत नाही आणि भागाकाराची आज्ञा तिच्याकडे नाहीच.

सी भाषेत 28.317 ने गुणायला सांगितलं, तर कम्पायलर दशांश गणिताची तयार रूटीन्स प्रोग्रामला जोडतो. काम होतं, पण चिपच्या 32 किलोबाइटमधली जागाही जाते आणि वेळही. त्यापेक्षा 28.317 च्या 256 पटीने, म्हणजे सुमारे 7249 ने गुणावं आणि 256 ने भागावं. 256 ने भागणं म्हणजे शेवटचा बाइट सोडून देणं! 10,000 क्युसेकला उत्तर येतं 2,83,164 लिटर. खरं उत्तर 2,83,168. पूर मोजताना हे चार लिटर सोडायला माझी हरकत नाही.

256 च का, हे आपल्या आजी-आजोबांना चटकन कळलं असतं. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे 64 पैसे होते. रुपया, अधेली, पावली, चवली, आणा: प्रत्येक पायरीला निम्मं. चिपचा हिशेब असाच चालतो. निम्मं करायचं तर सगळे बिट एक घर उजवीकडे सरकवायचे, दुप्पट करायचं तर डावीकडे. 256 ने भागणं म्हणजे आठदा निम्मं करणं. एटीटायनी85 या आणखी छोट्या चिपला तर गुणाकारही येत नाही. तिथे दहापट म्हणजे आठपट अधिक दुप्पट.

अडतं ते दहाने भागताना. फलकावर 157 दाखवायचे तर 1, 5 आणि 7 सुटे करावे लागतात, आणि त्यासाठी दहाने भागणं आलंच. इथे कम्पायलरची करामत मला फार आवडते. तो 205 ने गुणतो आणि बिट 11 घरं उजवीकडे सरकवतो, म्हणजे 2048 ने भागतो. 157 गुणिले 205 म्हणजे 32,185. त्यातून पूर्णांक उरतो 15. 205 भागिले 2048 हे एक दशांशाहून किंचितच जास्त आहे, आणि 0 ते 255 पर्यंत कुठेही ही चूक उत्तरापर्यंत पोचत नाही. कोणत्याही ठरलेल्या भाजकासाठी असा गुणक कसा शोधायचा, हे ग्रानलुंड आणि माँटगोमेरी यांनी 1994 मध्ये मांडलं. जीसीसी कम्पायलर हेच करतो.

मात्र भांडं केवढं घ्यायचं, हे कम्पायलर ठरवत नाही. या चिपवर साधा पूर्णांक 16 बिटांचा, 32,767 पर्यंतचा. 5 गुणिले 7249 म्हणजे 36,245. म्हणजे जेमतेम 5 क्युसेकलाच हिशेब ओसंडतो आणि फलकावर उणे आकडा उमटू शकतो. म्हणून गुणाकाराआधीच संख्या 32 बिटांची करायची, आणि फलक तपासताना 10,000 बरोबर 4 आणि 5 क्युसेकही घालून बघायचे.