ठोकलेल्या गाडीचा पत्रा का चेपत नाही?

जुन्या रेसिंग गेममध्ये गाडी कितीही ठोका, पत्र्यावर ओरखडासुद्धा उठत नाही. तरी नुकसान होतंच. कसं?

१९८३ चा ‘एन्ड्युरो’ घ्या. तो अटारी २६०० वर चालायचा आणि त्या यंत्राची रॅम अवघी १२८ बाइट. हे वाक्यसुद्धा तिच्यात मावणार नाही, मग चेपलेलं बॉनेट ठेवणार कुठे? म्हणून धडक बसली की फक्त वेग पडतो. पण खेळातल्या पहिल्या दिवशी २०० आणि पुढे रोज ३०० गाड्या मागे टाकायच्या असतात. तुम्ही रखडलात की मागच्या गाड्या सटकतात आणि उरलेल्यांचा आकडा पुन्हा वाढतो. वर बर्फ, धुकं, रात्र. रात्री पुढच्या गाडीचे नुसते लाल दिवे दिसतात. गाडी रंगवायचे कष्टही वाचले!

निन्टेंडोच्या ‘एफ-झीरो’त (१९९०) नुकसान दिसू लागलं, तेही मोबाइलच्या बॅटरीसारखं. कठड्याला घासलं की यंत्र एका आकड्यातून थोडं वजा करतं, पडद्यावरची पट्टी आखडते. पिटच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, पट्ट्यावरून गेलं की ती भरते. शर्यत पाच फेऱ्यांची, त्यामुळे पट्टी पुरवून वापरावी लागते. मला तुटक्या बंपरपेक्षा हीच जास्त धडकी भरवते. बंपर लोंबकळला तरी गाडी पळते, इथे पट्टी संपली की थेट स्फोट.