गिटार, शोक आणि हिशेब

२६ ऑगस्ट १९९० च्या रात्री अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, आल्पाइन व्हॅली येथील रंगमंचावर एरिक क्लॅप्टन, बडी गाय, रॉबर्ट क्रे आणि जिमी व स्टीव्ही रे हे व्हॉन बंधू कार्यक्रमाच्या अखेरीस एकत्र वाजवते झाले. श्रोते तृप्त मनाने परतले. मध्यरात्र उलटल्यावर धुक्यात उडालेले एक हेलिकॉप्टर जवळच्याच टेकडीवर आदळले आणि त्यात स्टीव्ही रे व्हॉन गेला. त्याचे वय अवघे पस्तीस होते. अपघाताचा पत्ता सकाळपर्यंत कुणालाच लागला नाही. त्याच्याबरोबर आणखी चौघे मृत्युमुखी पडले. त्या चौघांची नावे त्याच्या निस्सीम चाहत्यांपैकीही फार थोड्यांना सांगता येतील. लोकप्रियतेचा हा पक्षपात शोकातही सुटत नाही.

ब्लूज हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दास्यातून, कष्टातून आणि उपेक्षेतून उगवलेले संगीत. डल्लसमधील एका कामगाराच्या घरात जन्मलेल्या या गोऱ्या मुलाने ते थोरल्या भावाच्या तबकड्या ऐकून आत्मसात केले. जाड तारा, अर्ध्या स्वराने खाली उतरवलेली जुळणी आणि रंग उडालेली जुनी गिटार, एवढ्या सामग्रीवर त्याने आपला भरदार नाद घडवला. १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो महोत्सवात काही श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. पण तेथेच डेव्हिड बोवी आणि जॅक्सन ब्राउन यांनी त्याला हेरले, आणि पुढच्याच वर्षी ‘टेक्सास फ्लड’ ही ध्वनिमुद्रिका निघाली.

परंतु केवळ वादनकौशल्यासाठी माणसे वर्षानुवर्षे अश्रू ढाळीत नाहीत. १९८६ साली युरोपच्या दौऱ्यात दारू आणि कोकेन यांनी पोखरलेले त्याचे शरीर कोसळले. उपचारानंतर तो व्यसनमुक्त झाला, आणि ही गोष्ट लपवून न ठेवता भर कार्यक्रमात श्रोत्यांशी बोलू लागला. स्वतः त्याच गर्तेत सापडलेल्यांना हा माणूस गिटारवादकापेक्षा अधिक जवळचा वाटला, यात नवल नाही. व्यसन त्याचा बळी घेणार ही भीती अनेकांनी बाळगली होती. प्रत्यक्षात तो गेला तेव्हा जवळजवळ चार वर्षे निर्व्यसनी होता, आणि त्याला नेले ते धुक्याने. चाहत्यांच्या हळहळीला जी धार आहे ती या विसंगतीमुळे.

बाजारपेठ मात्र हळहळत बसत नाही. पुरवठा कायमचा थांबला की मागणी चढते, हा नियम कलावंतालाही लागू आहे. भावाबरोबरची ‘फॅमिली स्टाइल’ ही ध्वनिमुद्रिका त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच दुकानांत आली. १९९१ मध्ये शिल्लक ध्वनिमुद्रणांतून ‘द स्काय इज क्रायिंग’ निघाली. ‘लेनी’ या त्याच्या गिटारची कथा तर अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावी. गहाणवटीच्या दुकानातील ही गिटार साडेतीनशे डॉलरला मिळत होती, पण तेवढेही पैसे त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा पत्नीने मित्रमंडळींकडून वर्गणी गोळा करून ती त्याच्या वाढदिवसाला दिली. २००४ सालच्या लिलावात तिला ६,२३,५०० डॉलर आले. तो लिलाव क्लॅप्टनच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या मदतीसाठी होता, म्हणून निदान या एका व्यवहारात तरी किंमत आणि मूल्य एकाच दिशेला गेली असे म्हणता येईल.

आणखी एक हिशेब मात्र अजून पुरता चुकलेला नाही. ज्या ‘टेक्सास फ्लड’ने व्हॉनचे नाव सर्वतोमुखी केले, ते शीर्षकगीत लॅरी डेव्हिस या कृष्णवर्णीय कलावंताने १९५८ मध्येच ध्वनिमुद्रित केले होते. डेव्हिस १९९४ मध्ये वारला. त्याला असे वैभव कधी लाभले नाही. याचा दोष व्हॉनकडे जात नाही. अल्बर्ट किंग, बडी गाय यांचे ऋण तो जाहीरपणे मान्य करीत असे. १९८३ मध्ये कॅनडातील दूरचित्रवाणीवर किंगच्या शेजारी बसून वाजवताना त्याच्या चेहऱ्यावरचा शिष्यभाव कुणालाही दिसावा. प्रश्न आहे तो चाहत्यांचा. त्याच्यासारखी रुंद काठाची टोपी घालून आरशासमोर उभे राहणे सोपे. त्याचे बोट धरून किंगपर्यंत आणि डेव्हिसपर्यंत जाणे त्याहून अवघड, आणि स्मरण म्हणून अधिक खरे. असे जाणारे चाहते आहेत, आणि व्हॉनच्या निमित्ताने जुन्या ब्लूजला नवे श्रोते मिळाले, ही गोष्ट त्याच्या पदरात टाकलीच पाहिजे.

३१ ऑगस्ट १९९० ला डल्लसमध्ये त्याचे दफन झाले, तेव्हा स्टीव्ही वंडर, बॉनी रेट आणि जॅक्सन ब्राउन यांनी तेथे प्रार्थनागीत गायिले. २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. चाहत्यांच्या मते फार उशिरा. ऑस्टिन शहरात जलाशयाकाठी १९९३ पासून त्याचा कांस्यपुतळा उभा आहे. अंगावर सैल झगा, डोक्यावर तीच टोपी, हातात गिटार. येणारी माणसे त्याच्या पायाशी फुले ठेवतात, आणि काही जण ज्याने तारा छेडतात तो प्लास्टिकचा लहानसा तुकडा तेथेच ठेवून जातात.