सदाफुली : लावावी कशी, सांभाळावी कशी



तुळशीवृंदावनाच्या कडेला, शाळेच्या कुंपणाशी, इतकेच काय पण जुन्या भिंतीच्या भेगेतही सदाफुली उभी असते. तिला कुणी पाणी घालीत नाही, तरी फुले चालूच. उलट हौसेने कुंडीत लावलेले रोप पुष्कळदा महिन्याभरात मान टाकते. कारण साधे आहे. हे झाड उपासाने सहसा मरत नाही, लाडाने मरते.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. कण्हेर, तगर, चाफा यांच्या कुळातली. तिला ऊन आवडते, निदान पाच-सहा तास तरी हवेच. सावलीत झाड उंच-लुकडे वाढते आणि फुले कमी येतात. कुंडी भरताना दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत घ्यावे. कुंडीच्या बुडाशी भोक असावे व त्यावर खापरीचा तुकडा ठेवावा. खत बेताचेच द्यावे. फार दिले की नुसता पाला माजतो.

बी घरचेच धरता येते. फूल गळल्यावर दोन बारीक शेंगांची जोडी येते. ती पिवळसर झाली की खुडावी, नाहीतर शेंग तडकून काळे बी मातीत सांडते. बी फाल्गुनाच्या सुमारास पेरावे. वर अर्धा सेंटीमीटर मातीचा थर द्यावा, कारण हे बी अंधारात चांगले रुजते. शिक्षक मंडळींनी वर्गात दोन परळ ठेवून पाहावेत : एकातले बी मातीने झाकलेले, दुसऱ्यातले उघडे. कुठे किती उगवले ते मुलांनीच मोजावे. रोपाला चार-सहा पाने आली की हलवून पाऊण-एक फुटावर लावावे. शेंडे खुडत गेल्यास झाड डेरेदार होते.

आता पाण्याविषयी. भर दुपारी पाने मलूल दिसली की आपण तांब्या घेऊन धावतो. थांबा! आधी मातीत बोट खुपसून पाहा. माती कोरडी असेल तर पाणी घाला. ओली असेल तर तो उन्हाचा ताण असतो. संध्याकाळी झाड सावरेल. सावरले नाही आणि बुंधा काळा पडला, तर मूळ कुजले असे समजावे. असे रोप उपटून टाकावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नये.

शेवटी एक जपणुकीची गोष्ट. गोड्या लघवीवर, म्हणजे मधुमेहावर, सदाफुलीची पाने चावण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. जमेका बेटावरही असा काढा घेत. तिथली पाने १९५२ साली कॅनडात पोचली. वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातील रॉबर्ट नोबल यांनी त्यांचा अर्क उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही. पण अर्क टोचला तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यावरूनच नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे द्रव्य पुढे आणले. मागाहून व्हिनक्रिस्टिन मिळाले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात.

मग हेच झाड घरी खाल्ले तर काय बिघडले? बिघडते ते असे. पानात ही द्रव्ये अत्यल्प असतात; शेकडो किलो वाळल्या पाल्यातून कुठे ग्रॅमभर हाती लागते. तेवढेही डॉक्टर तोलून-मापून, रक्त तपासत, शिरेतून देतात. चावलेल्या पानाने कर्करोग बरा होत नाही, आणि पानातली इतर द्रव्ये मात्र विषारी आहेत. म्हणून पाने खाऊ नयेत, मधुमेहाची गोळी सोडून तर नाहीच नाही. गर्भारशीने त्यांपासून दूरच राहावे. लहान मुले पाने-शेंगा तोंडात घालणार नाहीत याकडे लक्ष असू द्यावे, आणि छाटणीचा पाला जनावरांच्या वैरणीत मिसळू नये.

दारात सदाफुली जरूर लावा, देवाला फुले वाहा, मुलांना बी धरायला शिकवा. पाणी बेताने घाला. आणि औषध हवे असेल तेव्हा दवाखान्याची वाट धरा.