चंद्राची हिरवी कड

चंद्र कसा दिसावा, हे आपण नाटकांचे पडदे, बोलपट आणि कॅलेंडरे पाहून फार लहानपणीच ठरवून टाकलेले असते. तो रुपेरी हवा, भोवती चार चांदण्या हव्यात, आणि अंगावर ससा तर हवाच हवा. म्हणूनच २०१५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने पृथ्वीसमोरून जाणाऱ्या चंद्राची चित्रफीत प्रसिद्ध केली, तेव्हा ती पाहून "वा!" म्हणण्याऐवजी पुष्कळांनी "छे, हे खोटं आहे!" असेच म्हटले.

दिसायला ती होतीही तशीच. मागे निळी-पांढरी लखलखीत पृथ्वी आणि तिच्यावरून डावीकडून उजवीकडे सरकणारी राखाडी चकती! एखाद्या पोराने पुठ्ठा कापून चित्रावर ठेवावा आणि बोटाने ढकलावा, तशी. एक तारा नाही, कडेला जराही धूसरपणा नाही, आणि ससा तर बेपत्ता.

आता कॅमेरा कोठे होता ते पाहा. तो होता 'डिस्कव्हर' नावाच्या यानावर, पृथ्वीपासून सुमारे १६ लाख किलोमीटर दूर, सूर्याच्या बाजूला. सूर्य पाठीशी असल्यामुळे समोरचे सगळे पूर्ण उजळलेले. सावल्या नाहीशा झाल्या की गोळाही ताटासारखा चपटा दिसतो. फोटोग्राफर दिवा जरा बाजूला का ठेवतो, ते यावरून कळावे. शिवाय चंद्र कॅमेऱ्याला पृथ्वीपेक्षा पावणेचार लाख किलोमीटरहून अधिक जवळ. म्हणून तो पृथ्वीच्या मानाने आहे त्याहून मोठा दिसला.

गंमत अशी, की चित्रे घेतली त्या १६ जुलैला आपल्या पंचांगात अधिक आषाढाची अमावास्या होती. आपल्याकडे अमावास्या असते तेव्हा चंद्राच्या पलीकडच्या अंगावर लख्ख ऊन पडलेले असते. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही तसेच. कॅमेऱ्याने पाहिली ती ही पलीकडची बाजू. आपला ससा म्हणजे थिजलेल्या लाव्हाची काळपट मैदाने, आणि ती त्या बाजूला फारच थोडी. १९५९ साली रशियाच्या 'ल्यूना ३' यानाने तिचे चित्र पाठवीपर्यंत ती माणसाने पाहिलीच नव्हती. मग ती ओळखीची वाटणार कशी?

राहिला रंग. आम्ही मराठी शिकवणारे चंद्राला रुपेरी म्हणतो खरे, पण तो अंगावरच्या उजेडापैकी शेकडा बाराच्या आसपासच परत पाठवतो. पृथ्वी शेकडा तीसच्या आसपास. परटाकडून आलेल्या धोतरावर पाटी ठेवावी, तसा तो पृथ्वीपुढे दिसला. इतक्या उजळ वस्तूंचे चित्र घ्यायचे तर कॅमेऱ्याचा डोळा क्षणभरच उघडावा लागतो. तेवढ्यात मंद तारे उमटत नाहीत. आणि चंद्रावर हवा नाही, तेव्हा कड धूसर करणार कोण?

सर्वांत अधिक संशय मात्र घेतला गेला तो चंद्राच्या उजव्या कडेवरच्या बारीक हिरव्या रेघेचा. कातरकाम उघडे पडले म्हणे! खरी हकीकत अशी: हा कॅमेरा तांबडे, निळे आणि हिरवे अशी तीन वेगळी चित्रे सुमारे तीस-तीस सेकंदांच्या अंतराने घेतो, आणि ती एकावर एक बसवून रंगीत चित्र होते. तेवढ्या वेळात चंद्र थोडा पुढे गेला. हिरवे चित्र शेवटचे, म्हणून पुढच्या कडेला हिरवी रेघ उरली. खोटे चित्र करणाऱ्याने ती आधी पुसली असती. चंद्र खरोखर चालत होता, याची साक्ष तीच रेघ देते.

गुरूचे चंद्र तर याहून विचित्र दिसतात. २०१६ च्या जूनमध्ये 'जूनो' यानाने गुरूकडे जाता जाता सतरा दिवस चित्रे घेतली. ती भराभर दाखवली की चार ठिपके तारेवरच्या मण्यांसारखे इकडून तिकडे धावतात, आणि मध्येच एखादा दिवा मालवावा तसा मंद होतो. तो गुरूच्या सावलीत शिरलेला असतो. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने हेच चार ठिपके रात्रीमागून रात्र कागदावर टिपून ठेवले होते; आणि त्याच्या दुर्बिणीला डोळा लावायलाही नकार देणारे विद्वान तेव्हाही होतेच.