लसींचा फ्रीज आणि जिन्यातला प्लग

बालरोगतज्ज्ञाची झोप दोन गोष्टींनी मोडते : दारावरची थाप आणि गेलेली वीज. दवाखान्यातील लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहाव्या लागतात. तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस उष्णतेने निकामी होते, हे सर्वज्ञात आहे. परंतु घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात किंवा हिपॅटायटिस-बी यांच्या लसी गोठल्या तरी वाया जातात आणि कुपीवरील व्हीव्हीएमचा ठिपका त्याविषयी काहीच सांगत नाही. शासकीय लसीकरणात २०१५ पासून ‘ई-विन’ योजनेखाली शीतसाखळीच्या ठिकाणी तापमानाची नोंद करणारी यंत्रे बसू लागली. खासगी दवाखान्याची राखण मात्र ज्याची त्यानेच करावयाची.

निपाणीतील माझा दवाखाना खाली, घर माडीवर आणि मध्ये जुन्या दगडी भिंती. वायफाय त्यांच्यापुढे हात टेकते. म्हणून मी ‘झिग्बी’चा मार्ग धरला. मधमाश्यांच्या नागमोडी नृत्यावरून हे नाव आले आहे. हिचा पाया असलेले ८०२.१५.४ हे मानक २००३ सालचे. वेग सेकंदाला जेमतेम २५० किलोबिट. पण ‘फ्रीज ९ अंशांवर गेला’ एवढे कळवायला तो पुष्कळ झाला. फ्रीजमधील छोटा तापमापक बहुतेक वेळ झोपलेला असतो, क्षणभर जागा होऊन निरोप देतो व पुन्हा झोपतो. म्हणून नाण्याएवढ्या चपट्या सेलवर तो वर्षभरही चालतो. निरोप जिन्यातल्या स्मार्ट प्लगने उचलायचा आणि माडीवरच्या हबकडे पोचवायचा, आग विझवताना बादल्या हातोहात जातात तसा.

(या सेलविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. मुलाने गिळलेला असा सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर जखम करू शकतो आणि क्ष-किरणचित्रात नाण्यासारखा दिसून फसवतो. झाकण स्क्रूने बंद होते, असेच यंत्र घ्यावे.)

पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. हब आणि राउटर इन्व्हर्टरवर होते, तापमापक सेलवर जागा होता. तरी माझा फोन मुका. सकाळी फ्रीज ११ अंशांवर! लसी वेगळ्या काढल्या, विचार केला आणि अखेर टाकून दिल्या. संशयाचा फायदा लसीला द्यावयाचा नसतो.

चूक यंत्राची नव्हती, माझी होती. सेलवरची उपकरणे दुसऱ्याचा निरोप वाहत नाहीत. सतत जागे राहिल्यास त्यांचा सेल लवकरच संपेल. ते ओझे भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या उपकरणांवर असते. जिन्यातला प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता. म्हणजे ज्या घटकेसाठी हा सारा खटाटोप, त्याच घटकेला साखळीतला मधला माणूस निघून गेला होता. नंतर आलेल्या ‘थ्रेड’मध्येही हीच रीत आहे, आणि २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ने निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र नांदू लागली तरी इन्व्हर्टरची वायर आपणच ओढून घ्यावयाची असते.

आता प्लग इन्व्हर्टरवर आहे. अर्धा तास निरोप आला नाही, तरीही फोन वाजतो. दिवसातून दोनदा वहीत तापमान लिहिणे मी सोडलेले नाही. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुख्य स्विच पाडतो, तापमापक फ्रीजबाहेर काढतो आणि मुठीत धरून बसतो. टीव्ही बंद पडल्यामुळे घरातली मंडळी कुरकुरतात. माडीवर फोन वाजला की स्विच वर करतो.