लस : सक्ती आणि सूट

सूट मागावयाची तर आधी सक्तीचा कायदा असावा लागतो. इंग्लंडात तो होता. म्हणूनच १८९८ साली देवीच्या लसीस सद्सद्विवेकबुद्धीने हरकत घेणाऱ्या पालकांना तेथे सूट मिळाली. ती मिळविण्यास न्यायाधिकाऱ्याची खात्री पटवावी लागे. नकाराची निदान नोंद होई. महाराष्ट्रात शाळाप्रवेशासाठी असा कायदा नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम शाळांतून निघाली, तेव्हा नाखूश पालकाने मुलाला त्या दिवशी घरी ठेवले की झाले!

नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) जिल्हा प्रशासनाने दुसरे टोक गाठले. करोना लसीची एकही मात्रा न घेतलेल्यांना रेशन व पेट्रोल देऊ नये, असा आदेश निघाला. पेट्रोलाचे एक वेळ सोडा. रेशनवर ज्याची चूल पेटते त्यालाच हा दंड जड जाणार, हे उघड होते. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीची सक्ती कोणावरही करता येणार नाही असा निर्णय दिला. लोकहितार्थ वाजवी निर्बंधांना मात्र वाव ठेवला.

गोवर थोपविण्यास शंभरातील सुमारे ९५ जणांना संरक्षण लागते. उरलेल्या पाच जागांवर पहिला हक्क तान्ह्या व दुर्धर आजारी मुलांचा आहे. धडधाकट मुलासाठी ती जागा हवी असलेल्या पालकाने ती लेखी मागावी, आणि शाळेने तो कागद जपून ठेवावा.